हौसाकाकूंच्या दिव्याची पाटी

हौसाकाकू,

तुमच्या नावाच्या पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि चार दिवस मी एका शब्दापाशी अडून बसलो होतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सेक्रेटरी, तुमाला अडायला शब्दच बरा गावतो." खरंय तुमचं. सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द तपासायचा पगार घेतला मी. आता निवृत्त होऊन सोसायटीच्या सूचना लिहितो. सवय जाते कुठे?

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. दुपारी जेवून जरा आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. आमची सौ. नीला म्हणते, असं मरण मागून मिळत नाही. मला मात्र तुमचा रागच आला होता. न सांगता जायचं हे काय वागणं झालं? आपली भांडणं अर्धवट पडली होती.

तर पाटी. चार दिवसांपूर्वी देवस्थानचे अण्णा घरी आले. भैरोबाच्या देवळात, नंदादीपाच्या कोनाड्याशेजारी संगमरवरी पाटी बसवायचं पंचांनी ठरवलंय. मजकूर त्यांनीच कच्चा लिहून आणला होता: 'पिढ्यान्‌पिढ्या अखंड तेवणारा हा नंदादीप कै. हौसाबाई यांनी देऊळ बांधून होईपर्यंत स्वतःच्या घरी अखंड राखला.' अण्णा म्हणाले, "तुमी फकस्त शुद्धलेखन बघा." बघितलं. शुद्धलेखन ठीक होतं. खोटा होता तो मजकूर. तो दिवा अखंड राहिलेला नाही, काकू. माझ्या हातून विझला. हे कालपर्यंत जगात एकट्या मला ठाऊक होतं आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगतो. पण सरळ तिथे यायचं धैर्य नाही, म्हणून जरा लांबून येतो.

आपली पहिली भेट आठवते? ज्या वावरात तुम्ही ज्वारी काढलीत तिथेच आमची सोसायटी उभी राहिली. वावराच्या बदल्यात तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर ३०२ मिळाला, आणि सदाशिव पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही तुमच्या बरोब्बर खाली २०२ मध्ये आलो. तुमच्या खिडकीतून रोज सकाळी माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या पडायच्या. मी वर येऊन दारात उभ्या उभ्याच सांगितलं, "अहो बाई, निर्माल्य खाली टाकू नका." तुम्ही मला नखशिखान्त न्याहाळलंत आणि म्हणालात, "देवाचं फूल अंगावर पडाया लोकं नवस करत्यात. तुमाला घरपोच मिळतंय तर तक्रार!" यावर मला काहीही सुचलं नाही. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला उत्तर न सुचणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही.

मग गावानं देऊळ नव्यानं बांधायला काढलं. तुम्ही भैरोबाच्या गुरवीण. तुमच्या सासऱ्यांकडून पूजा तुमच्या यजमानांकडे आली, ते गेल्यावर तुमच्याकडे. बांधकाम सुरू असताना देवाला ठेवायचं कुठे, असा प्रश्न आला. गुरुजींनी मंत्र म्हणून देव कलशात घेतले, तो कलश आणि देवळातली तेवती समई वाजतगाजत तुमच्या घरी आली. लिफ्टनं. मी खालीच उभा होतो. लिफ्टमध्ये कलश घेऊन तुम्ही, समई घेऊन अण्णा, आणि एक सनईवाला, इतकीच जागा होती. बाकीचं गाव जिन्यानं.

पाच महिन्यांत होणारं काम चौदा महिने चाललं. या चौदा महिन्यांत आमच्या इमारतीचं जे झालं ते सांगून कोणाला पटणार नाही! आख्खं गाव दर्शनाला ३०२ मध्ये. चपला लिफ्टमध्ये. मी सूचना लावली, 'लिफ्टमध्ये चपला काढू नयेत.' मग चपला माझ्या दारात. जिन्यावर नारळ. मी सूचना लावली, 'जिन्यात नारळ फोडू नयेत, सभासद घसरतात.' मग पार्किंगमध्ये नारळ, माझ्याच स्कूटरच्या चाकापाशी. नव्या गाड्या, नवे ट्रॅक्टर, नव्या सुना, सगळे तुमच्या दारी. एक नवरा-नवरी तर दर्शन घेऊन उतरताना दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. लिफ्टवाला येईपर्यंत पाऊण तास. तुम्ही जिन्यात बसून वरून ओरडत होतात, "घाबरू नगा गं, देवानंच एकमेकांशी बोलाया येळ दिलाय!" दार उघडलं तेव्हा दोघं हसत होती. मी मात्र घामानं निथळत होतो.

शेवटी मी तुम्हाला लेखी नोटीस दिली. नियम क्रमांक अमुक, निवासी सदनिकेत सार्वजनिक उपासना करता येणार नाही. तुम्हाला वाचता येत होतं, पण चष्मा नाही असं सांगून तुम्ही ती मलाच वाचायला लावलीत. मी वाचली. तुम्ही म्हणालात, "ब्येस लिवलंय. आता देवाला वाचून दावा." आणि मी, नास्तिक माणूस, कलशासमोर उभा राहून ती नोटीस वाचायला लागलो! दुसऱ्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली आला. तिसऱ्या ओळीला मी थांबलो. आवाज का खाली आला ते तेव्हा मला कळलं नाही. तुम्ही चहा ठेवलात, नेहमीसारखा पाकासारखा गोड.

भांडण तिथूनच सुरू झालं आपलं. मी म्हणायचो, "काकू, देव सगळीकडे आहे असं तुम्हीच म्हणता. मग देऊळ कशाला?" तुम्ही म्हणायचात, "हवा बी सगळीकडं हाय. तरी स्कूटरच्या चाकात भरावीच लागती का न्हाई?" मी म्हणायचो, "मग आता तुमचं घर देऊळ आहे की घर?" तुम्ही म्हणायचात, "येणाऱ्याला इचारा." मी म्हणायचो, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणायचात, "मंग तुमी सांगा." आणि मी उद्या सांगतो म्हणून उठायचो.

देव दिवाणखान्यात, म्हणून तिथला टीव्ही बंद. तुम्ही रोज साडेसातला मालिका बघायला आमच्याकडे उतरायचात. मी एकदा मुद्दाम विचारलं, "देवाला वर एकटं सोडून?" तुम्ही नजर न हलवता म्हणालात, "त्यांना न्हाई आवडत सासवासुनांचं." नीला इतकी हसली की तिला ठसका लागला. हसण्याचे ते चौदा महिने होते, काकू. त्या दिवसांत मी जितका हसलो तितका पेठेत साठ वर्षांत हसलो नव्हतो, आणि याची कबुलीसुद्धा मी तुम्हाला कधी दिली नाही.

आता येतो.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले आठ दिवस धुरापासून लांब राहा, म्हणून तुम्ही वारज्याला लेकीकडे जाणार होतात. सकाळ-संध्याकाळचं तुमची सून सुनीता बघणार होती. दुपारी मात्र सुनीता आणि तिचा नवरा दोघंही कामावर. बारा ते चार दिव्याजवळ कोणीतरी हवं. भावकीतले चार जण तयार होते. तुम्ही त्यांना सोडून माझ्याकडे आलात. मी म्हणालो, "अहो, माझा देवावर विश्वास नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच. बाकीचे देवाकडं बघत बसत्याल. तुमाला देवाकडनं काय बी नगं, तुमी दिव्याकडं बघाल." मग तेल कधी घालायचं, वात कशी सारायची, सगळं शिकवलंत. आणि बजावलंत, खोलीतला पंखा लावायचा नाही. पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत जाते. मी तिथल्या तिथे कागद घेतला, वळणदार अक्षरात 'पंखा लावू नये. दिवा आहे.' असं लिहिलं आणि बटणावर चिकटवलं. तुम्ही म्हणालात, "आता मला काळजी न्हाई."

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती. चैत्रातलं ऊन, मी जिना चढून आलो, कुलूप काढलं, आणि जे मी आयुष्यभर प्रत्येक खोलीत शिरताना करत आलोय ते केलं. हात भिंतीकडे गेला. माझ्याच अक्षरातल्या सूचनेवर बोट ठेवून मी बटण दाबलं!

पंख्यानं दोन फेरे घेतले असतील. ज्योत एकदा आडवी झाली आणि गेली. वातीतून धुराची बारीक रेघ वर आली. बस्स.

काकू, मी पंखा बंद केला, आणि उगाचच परत एकदा बंद केला. काडेपेटी कुठे ठेवलीत ते सापडेना. स्वयंपाकघरात गेलो, लायटरनं तुमचा गॅस पेटवला, एक फुलवात तुपात बुडवून त्यावर धरली, आणि हाताचा आडोसा करत समईपर्यंत आलो. बोट भाजलं. दिवा लागला. मग मी समईसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "चुकलो. माफ करा."

बोललो आणि दचकलो. खोलीत कोणी नव्हतं. मी, एक कलश, एक समई, तुमचा सोफा. माफी मागितली कोणाची मी? रिकाम्या खोलीची कोणी माफी मागत नाही. म्हणजे ती खोली रिकामी नव्हती. मला नोटीस वाचताना आवाज का खाली आला ते तेव्हा कळलं. इतके महिने गाव त्या खोलीत येत होतं, आपली दुखणी, आपल्या पोरींची लग्नं, आपली नवी गाडी घेऊन येत होतं, आणि दारात चपलांबरोबर आपला ताठा काढून ठेवत होतं. त्यांनी ती जागा भरली होती. तुमचा देव कलशात असेल-नसेल, मला अजूनही ठाऊक नाही. पण तिथे मी खोटं बोलू शकलो नसतो. माझ्यापुरता देवळाचा अर्थ एवढाच, आणि उद्या सांगतो म्हणून पुढे ढकललेलं उत्तर ते हेच.

पण गंमत बघा, तिथे खोटं बोलता आलं नसतं आणि तुमच्यासमोर मात्र गप्प बसता आलं. तुम्ही ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून परत आलात, समईपाशी बसलात, बराच वेळ बघितलंत. म्हणालात, "वात नवी दिसतीया." मी म्हणालो, "हो, बदलली." तुम्ही म्हणालात, "बरं केलं." बस्स, एवढंच. तुम्हाला कळलं होतं का हो? तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती फिरतोय. देऊळ झालं, त्याच समईवरून नव्या गाभाऱ्यातला नंदादीप लावला, गावानं भंडारा उधळला, तुम्ही पोरीसारख्या फुगडी खेळलात, आणि मी त्या गर्दीत पिवळा होऊन उभा होतो. सांगायचं राहिलं. मग रोज राहत गेलं. उद्या सांगू म्हणेपर्यंत तुम्ही जेवून आडव्या झालात.

म्हणून काल संध्याकाळी मी ३०२ मध्ये गेलो. अण्णा होते, सुनीता होती. सुतकामुळे तुमच्या घरच्यांना देवळात जाता येत नाही, मांजरी गावचे तुमचे भाचे सकाळची पूजा करून जातात. दुपारच्या दिव्याचं काय करायचं, असं त्यांचं बोलणं चाललं होतं. मी म्हणालो, पाटीवर 'अखंड' लिहिता येणार नाही. अण्णा म्हणाले, "का वो? चुकीचा हाय का शब्द?" मी सगळं सांगितलं. पंखा, सूचना, फुलवात, सगळं. चौदा वर्षं या गावात राहून मी अजून बाहेरचाच आहे, काकू. पिढ्यांचा दिवा पेठेतल्या नास्तिकानं पंखा लावून विझवला, हे उद्या चावडीवर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. पण सांगितलं.

सुनीतानं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतेय.

मग अण्णांनी विचारलं, "पेटवला कशानं?"

"गॅसवर."

"कुणाच्या?"

"काकूंच्याच. आतल्या शेगडीवर."

अण्णांनी मान डोलावली. "मंग घरच्याच चुलीतला इस्तू हाय की! गुरवाच्या चुलीतला. बाहेरून कुठं आणला?" आणि सुनीताचा पदर बाजूला झाला. ती हसत होती! हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाली, "काका, तुमीच लिवलेल्या पाटीवर बोट ठिवलं?" मग अण्णाही सुटले. तिघंही हसलो. तुमच्या फोटोसमोर, सुतकात. बाराव्या दिवशी कोणी असं हसतं का? पण मला खात्री आहे, तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसला असतात.

अण्णा अण्णाच. जाताना म्हणाले, "पन 'अखंड' ऱ्हाऊ द्या. भारदस्त वाटतं." मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "कोण बघतंय?" मी म्हणालो, "अण्णा, देवळात लावायचीय ना पाटी?" त्यांनी कच्चा कागद माझ्याकडे परत सरकवला. सुनीता म्हणाली, "आत्यांना असलं जड लिवलेलं आवडायचंच न्हाई. सोपं लिवा." सासूला आत्या म्हणायची तिची रीत. मला तुमची आठवण येते, काकू. साडेसात वाजता नीला टीव्ही लावते आणि आम्ही दोघं दाराकडे बघतो.

रात्रीतून मजकूर झाला. अण्णांनी वाचला, डोकं खाजवलं आणि "बरं" म्हणाले. संगमरवरावर कोरून यायला महिना जाईल. तोवर आज सकाळी तो मी कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोनाड्याशेजारी चिकटवला. असा आहे:

'हौसाबाईंनी हा दिवा राखला. विझलेला दिसला तर ज्याला दिसेल त्याने लावावा. काडेपेटी कोनाड्यात आहे.'

दुपारी मी सभामंडपात जाऊन बसलो, लोक काय म्हणतात ते ऐकायला. कोणी काही म्हणालं नाही. दोन-अडीचच्या सुमारास बाहेर वावटळ उठली, धूळ आत आली आणि ज्योत गेली. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो. तेवढ्यात एक पोरगी आत आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीला लॅपटॉपची बॅग. आपल्या मागच्या इमारतीत भाड्यानं मुली राहतात त्यांतली, वर्ध्याकडची. तिनं हात जोडायला वर केले आणि दिवा विझलेला तिला दिसला. पाटी वाचली. इकडेतिकडे बघितलं, मला विचारलंसुद्धा नाही. बॅग खाली ठेवली, काडी ओढली, हाताचा आडोसा केला आणि दिवा लावला. वात नीट धरली का ते वाकून पाहिलं. मग हात जोडले, बॅग उचलली आणि पळाली, फाटकाशी तिची गाडी थांबली होती.

मी अर्धवट उठलेला होतो, तो परत खाली बसलो. काकू, त्या दिव्याला आता माझी गरज नाही, आणि तुमचीही नाही. वाईट वाटून घेऊ नका. मला तर इतका आनंद झाला की भर दुपारी एकटाच मोठ्यानं हसलो.